मीटर ६४० दाखवतोय, पाणी प्यायचं का नाही?

पाचगावकर (बुधवार, रात्री ९:१२)

मंडळी, घरात दोन दिवस पाण्यावरनं रामायण चाललंय, म्हणून धागा काढतोय.

आम्ही कोल्हापुरात पाचगाव रस्त्याला राहतो. चोवीस फ्लॅटची सोसायटी. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून नळाचं आणि बोअरचं पाणी खालच्या एकाच टाकीत सोडलंय. तिथनं पंपानं वर. परवा एक फिल्टर विकणारा पोरगा आला. त्यानं दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हीत कांड्यांचं एक यंत्र बुडवून बटण दाबलं. दोन मिनिटांत आमचा ग्लास गढूळ तांबडा, वर साय आल्यासारखा थर. त्याचा ग्लास जसाच्या तसा. आईनं ते बघून "आम्ही वीस वर्षं हे पितोय?" म्हणून डोक्याला हात लावला. बायकोनं हप्त्याचा फॉर्म हातात घेतला.

मग त्यानं खिशातला मीटर काढला. आमचं ६४०, त्याचं ४२. म्हणाला ३०० च्या वर विष. सासरे म्हणतात मर्यादा ५००. हापिसातला एकजण म्हणतो २००० पर्यंत चालतं. तिघंही छातीठोक.

त्यात आईचं वेगळंच. कधीकधी नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, त्या दिवशी ती पाणीच पीत नाही. बाधेल म्हणते.

तर, तो ग्लास खरा का? पाणी तपासायचं कुठं, आणि तपासा म्हणजे नक्की काय तपासा म्हणायचं?

चहाबाज (बुधवार, रात्री ९:२०)

६४० ला चहा फक्कड होतो. ४२ ला चहा केला की पाव्हणे लवकर उठतात.

इंजि_राजारामपुरी (बुधवार, रात्री ९:४१)

साधं गणित आहे, ५०० च्या वर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) म्हणजे पिण्यालायक नाही. मी स्वतः मीटर खिशात बाळगतो. हॉटेलात गेलो की आधी पाणी मोजतो, मग ऑर्डर. १५० च्या आत असेल तरच पितो. आरओ (क्षार गाळणारा फिल्टर) घेऊन टाका, विषय संपवा.

पेठेतला_गडी (बुधवार, रात्री ९:४४)

@इंजि, मीटर घेऊन हॉटेलात? एकदा तांबड्या रश्श्यात घालून बघा की भावा. मीटर राजीनामा देतंय.

ब्युरेट (बुधवार, रात्री १०:५५)

पाचगावकर, फॉर्मवर सही केली नसेल तर थांबा. माझी नोकरी पाणी तपासण्यातच गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तो ग्लास. त्या यंत्राला दोन धातूंच्या कांड्या असतात, एक लोखंडी आणि एक ॲल्युमिनियमची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा तांबूस साका तयार होतो. ती घाण पाण्यातली नव्हे, कांडीची. त्याच्या ग्लासात क्षार नावालाच, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि रंगही येत नाही. पुन्हा आला तर त्याच्याच शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि बटण दाबायला सांगा.

आता आकडे. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५००, सध्याची आवृत्ती २०१२ ची, पुढं काही दुरुस्त्या झाल्या. त्यात बऱ्याच घटकांना दोन रकाने असतात. पहिला स्वीकारार्ह मर्यादेचा. दुसरा, दुसरं पाणीच उपलब्ध नसेल तर कुठवर चालवून घ्यायचं त्याचा. टीडीएसला पहिला ५००, दुसरा २०००, लिटरला मिलिग्रॅममध्ये. म्हणजे तुमचे सासरेही बरोबर आणि हापिसवालेही. ३०० हा आकडा त्या पोराच्या मालकाचा.

पण काही घटकांना दुसरा रकाना नाही, तिथं 'शिथिलता नाही' असं छापलेलं असतं. सामू (पीएच) ६.५ ते ८.५. नायट्रेट ४५. आणि १०० मिलि पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतनं येणारा जंतू) आढळताच कामा नये, एकही नाही. माणूस आजारी पडतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या ओळीमुळं. ती ओळ मीटरला दिसत नाही.

इंजि साहेब, राग मानू नका. तुमचा मीटर क्षार मोजतच नाही. तो पाण्यातनं वीज किती वाहते ते मोजतो, त्याला ०.५ ते ०.७ च्या आसपासच्या ठरीव आकड्यानं गुणतो आणि टीडीएस म्हणून दाखवतो. प्रयोगशाळेत पाणी गाळून आटवतात, १८० अंशाला सुकवतात आणि उरलेलं वजन करतात. विश्वास बसत नसेल तर एक करा. ग्लासभर पाणी मोजा, त्यात दोन चमचे साखर विरघळवा, परत मोजा.

इंजि_राजारामपुरी (बुधवार, रात्री ११:२५)

केलं. आधी ११८ होतं, साखरेनंतर ११६.

पेठेतला_गडी (बुधवार, रात्री ११:२७)

साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून मीटरला साखर दिसंना! नाद खुळा.

शिरोळचा_ऊसवाला (गुरुवार, सकाळी ६:०५)

आमच्याकडं या. बोअर १९०० दाखवतंय. अंघोळीला साबणाचा फेस येत नाही, हरभरा तीन शिट्ट्यांत शिजत नाही, गिझरची कॉइल वर्षात पांढरी. वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी सोडलं, निचरा केला नाही, जमिनी क्षारपड झाल्या. तेच क्षार खाली विहिरीत उतरलं. वर युरियाची पोती. ब्युरेट साहेबांनी नायट्रेटचं नाव काढलं म्हणून सांगतो, आमच्या वस्तीवरच्या दोन विहिरी त्याच्यापायीच प्यायला बंद केल्यात. चवीला पाणी गोड, बघायला काचेगत. कुणाला पटंना.

ब्युरेट (गुरुवार, सकाळी ८:३०)

नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नसतं, तिथंच फसगत होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात दूध कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते, बाळ निळसर पडतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. घरात बाळ असेल तर आजी मंडळी प्रेमानं पाणी जास्तीच उकळतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

शिरोळकरांच्या हरभऱ्याचा संबंध कठीणपणाशी, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी. मर्यादा २००, दुसऱ्या रकान्यात ६००. ही तपासणी बघायला मला अजून आवडते. ५० मिलि पाणी घ्यायचं, सामू १० ला धरून ठेवणारं द्रावण घालायचं, दर्शकाचे थेंब टाकले की पाणी द्राक्षासारखं लालसर होतं. मग ब्युरेटमधनं (खुणांची, खाली तोटी असलेली काचनळी) ईडीटीए हे कठीणपणा बांधून घेणारं रसायन थेंबथेंब सोडायचं. बराच वेळ काही घडत नाही, लाल ते लालच. मग जांभळी झाक येते आणि एका थेंबाला स्वच्छ निळं. ईडीटीए जितके मिलि गेलं त्याला २० नं गुणा, झाला कठीणपणा. नवी पोरं घाईनं दोन मिलि जास्त सोडतात आणि उत्तर चाळीसनं फुगतं. माझं टोपणनाव कुठनं आलं ते कळलं असेल.

जलसुरक्षक_वहिनी (गुरुवार, दुपारी २:१८)

करवीर तालुक्यातल्या एका गावात राहते, नाव सांगत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलं, त्यातली मी एक. किटमध्ये रंगाचे तक्ते असतात. बाटलीत थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. तंतोतंत आकडा येत नाही, पण कुठं पाणी मुरतंय ते कळतं. शंका आली की नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला.

पाचगावकर, तुमच्या आईंना सांगा, औषधाचा वास आला त्याच दिवशी बिनघोर प्या. टीसीएल पावडर (क्लोरीनची) घातल्यावर अर्धा तास पाणी तसंच ठेवून मग सोडतात. शेवटच्या घराच्या नळालासुद्धा लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, म्हणजे वाटेत पाइपात काही शिरलं तरी मारायला शिल्लक राहतं. ते बघायला ओटी टेस्ट. नळीत पाणी, वर ओटीचे थेंब, पिवळं झालं तर ठीक. रंग लगेच बघायचा. ठेवून दिलं तर तो गडद होत जातो आणि भलताच आकडा दिसतो.

मी पहिल्यांदा वहीत 'ओटी पॉझिटिव्ह' लिहिलं तर आमच्या सासूबाई घाबरल्या, कुणाला काय झालं म्हणून. दवाखान्यात पॉझिटिव्ह आलं की रडायचं, आमच्यात निगेटिव्ह आलं की.

ब्युरेट (गुरुवार, दुपारी ३:०२)

वहिनी, झकास. ओटीचं रसायन, म्हणजे ऑर्थोटॉलिडीन, कर्करोगकारक मानतात. हाताला लावून घेऊ नका, तपासलेलं पाणी मोरीत न ओतता बाजूला टाका. डीपीडीच्या गोळ्या मिळत असतील तर त्या वापरा, त्यात रंग गुलाबी येतो.

इचलकरंजीकर (गुरुवार, रात्री ८:४७)

२०१२ ची काविळीची साथ आम्ही बघितलीय. आमच्या गल्लीत घराआड पेशंट. त्या पाण्यात कुणी टीडीएस मीटर बुडवला असता तर आकडा रोजचाच आला असता. तेव्हापासून मी आकडा विचारत नाही, क्लोरीन आहे का ते विचारतो.

ब्युरेट (गुरुवार, रात्री ९:१०)

म्हणूनच मानकात टीप आहे की विषाणूंपासून बचाव हवा असेल तेव्हा उर्वरित क्लोरीन किमान ०.५ ठेवा. त्या साथीतला विषाणू हिपॅटायटिस ई, सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की पसरणारा.

रंकाळ्याचा_बगळा (शुक्रवार, सकाळी ७:३३)

नळाचं झालं, जरा नदीचं, आपल्या पंचगंगेचं बोला. प्रयाग चिखलीला संगमावर उभं राहिलं की वाटतं, काय पाणी आहे! तिथनं शहर ओलांडून खाली जा, नाक धरायची वेळ. तेरवाड बंधाऱ्यापाशी मासे मेल्याच्या बातम्या तर वहीत चिकटवाव्यात इतक्या. पेपरात प्रत्येक वेळी बीओडी लिहितात, ते काय असतंय?

ब्युरेट (शुक्रवार, सकाळी ९:१५)

पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू संपवतात, ते मोजणं म्हणजे बीओडी. ३०० मिलिची बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडासुद्धा नको, आणि अंधारात ठेवायची. पहिल्या दिवशीचा विरघळलेला प्राणवायू वजा शेवटच्या दिवशीचा. आपल्या मानकात २७ अंशाला ३ दिवस. जुनी पद्धत २० अंशाला ५ दिवसांची, ती इंग्लंडातनं आली. तिथल्या नद्यांचं पाणी ५ दिवसांच्या आत समुद्राला मिळतं, असा त्यामागचा हिशोब सांगतात. आपली पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळणार आणि मग पार बंगालच्या उपसागरापर्यंत चालत जाणार. इंग्रजाचे ५ दिवस तिला कुठनं पुरायचे?

अंघोळीच्या घाटासाठी बीओडी ३ च्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ हवा. प्राणवायूचा नमुना नदीकाठीच 'बांधावा' लागतो, म्हणजे आहे तसा धरून ठेवावा लागतो. दोन रसायनं घातली की बाटलीत तपकिरी साका धरतो. एकदा उन्हाळ्यात एका बंधाऱ्याखाली तो पांढराशुभ्र धरला. पांढरा म्हणजे पाण्यात प्राणवायूच नाही. मी आणि शिपाई, दोघं बघत बसलो बाटलीकडं. शेजारी एक बाई धुणं धूत होती.

पेठेतला_गडी (शुक्रवार, सकाळी ९:४०)

धागा पाचगावातनं निघाला आणि बंगालच्या उपसागराला लागला. धागाकर्ते वाहून गेले का काय?

कसबा_बावडा (शुक्रवार, दुपारी १२:२२)

२०१९ च्या पुराची आठवण झाली. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला टँकर. उपसा केंद्रंच बुडालेली. आईनं तुरटी फिरवून पाणी निवळलं आणि म्हणाली, झालं स्वच्छ. तेव्हा प्यायलो. आता धागा वाचून पोटात गोळा आलाय.

जलसुरक्षक_वहिनी (शुक्रवार, दुपारी १:०५)

तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू सगळे मरत नाहीत. निवळून मग उकळायचं, नाहीतर मेडिक्लोर (क्लोरीनचं औषध) टाकायचं. गढूळ पाण्यात नुसतं औषध टाकलं तर अर्धं औषध गाळच खातो.

पाचगावकर (शनिवार, रात्री ८:००)

वाहून गेलो नव्हतो, प्रयोगशाळेत खेटे घालत होतो.

आधी ग्लासाची गोष्ट. तो पोरगा सहीसाठी परत आला. मी काही बोलायच्या आत आईच मिठाची बरणी घेऊन बाहेर आली, मी हा धागा तिला वाचून दाखवला होता. त्याच्या ग्लासात मीठ टाकलं आणि म्हणाली, "आता दाब बटण बाळा." तांबडं! पोरगं कसनुसं हसलं. "काकू, आम्हाला ट्रेनिंगमध्ये एवढंच शिकवतात," म्हणालं. वाईट वाटलं. चहा देऊन पाठवलं. (चहाबाज, ६४० चाच.)

प्रयोगशाळेत मी कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी घेऊन गेलो, त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

ब्युरेट (शनिवार, रात्री ८:२५)

लावणारच नाहीत. अर्धी तपासणी नमुना घेतानाच होते, मशीन बिशीन नंतर. रसायनांसाठी दोनेक लिटरचा स्वच्छ कॅन, त्याच पाण्यानं तीनदा खळबळून. जंतूंसाठी त्यांचीच निर्जंतुक बाटली, आणि ती मात्र खळबळायची नाही, कारण आत क्लोरीन मारणारी पूड असते. ती नसेल तर पाण्यातला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटाच चांगला येतो. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं शेका, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, वर थोडी जागा सोडा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आणि एकच नमुना नेऊ नका. तीन न्या: नळाचं पाणी सोसायटीत शिरतं तिथला, बोअरचा आणि स्वयंपाकघरातला.

इंजि_राजारामपुरी (शनिवार, रात्री ८:४०)

तीन कशाला? पितो ते स्वयंपाकघरातलं.

ब्युरेट (शनिवार, रात्री ८:४४)

घाण आहे हे एका नमुन्यानं कळेल. कुठं शिरली ते तिघांनी.

पाचगावकर (पुढचा शुक्रवार, रात्री १०:१०)

अहवाल आला. नळाचं: टीडीएस ११०, कठीणपणा ५०, नायट्रेट ४, क्लोरीन ०.४ (हे वहिनींनी सांगितल्याप्रमाणे जागेवरच बघितलं), जंतू नाहीत. बोअरचं: टीडीएस ९८०, कठीणपणा ५२०, नायट्रेट ७८. स्वयंपाकघरातलं: टीडीएस ६१०, कठीणपणा ३२०, नायट्रेट ४७, क्लोरीन शून्य. आणि ई. कोलाय आहेत.

बोअरमध्ये ई. कोलाय नाहीत, नळात नाहीत. मग घरात कुठनं आले?

शिरोळचा_ऊसवाला (पुढचा शुक्रवार, रात्री १०:१६)

टाकी बघा.

ब्युरेट (पुढचा शुक्रवार, रात्री १०:३०)

टाकीच. नळाचं ०.४ क्लोरीन टाकीत शून्य झालंय, म्हणजे आत त्याला खाणारं काहीतरी आहे. बाजूला ड्रेनेजचा चेंबर आहे का? ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का? झाकण जमिनीच्या वर आहे की बरोबरीला?

पाचगावकर (रविवार, दुपारी ४:४५)

उघडली. चेंबर चार फुटांवर, त्याच्या बाजूच्या भिंतीला तडा. जाळी नाही. झाकण फरशीच्या बरोबरीला, गाडी धुतलेलं पाणी सरळ आत. तळाला बोटभर गाळ आणि एक लहान मुलाची चप्पल. चेअरमन म्हणाले, गेल्या वर्षीच साफ केली होती. चप्पल ओळखली तर ती तिसऱ्या मजल्यावरच्या पोराची निघाली. तो आता नववीत आहे.

चहाबाज (रविवार, दुपारी ४:५०)

चहा सोडला.

इंजि_राजारामपुरी (रविवार, संध्याकाळी ५:३०)

माझं म्हणणं मागं घेतो, पण अर्धंच. नायट्रेट ४७ आहे, ते उकळून जात नाही, यूव्हीनं जात नाही. आरओनं जातं. मग तो पोरगा खोटं दाखवून खरं विकत होता म्हणायचं?

ब्युरेट (रविवार, संध्याकाळी ६:१०)

पकडलंत. आरओनं नायट्रेट उतरतं, खरं आहे. पण त्यांच्या दारात ११० टीडीएसचं, क्लोरीन असलेलं पाणी येतंय, ते बोअरमध्ये कालवून बिघडवायचं, मग आरओनं सुधारायचं आणि लिटरमागं दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, हा उद्योग कशाला? २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० च्या आत टीडीएस असेल तिथं आरओला बंदी घाला असं केंद्राला सांगितलं, ते याच नासाडीमुळं. पिण्याचं पाणी वेगळ्या टाकीत घ्या, बोअर वापरायला ठेवा. शिरोळकरांना दुसरं पाणीच नसेल तर त्यांनी आरओ जरूर घ्यावा.

शिरोळचा_ऊसवाला (रविवार, संध्याकाळी ६:३१)

घेतलाय. त्याचं टाकाऊ पाणी परत उसालाच जातंय, काय करणार.

पाचगावकर (दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:०५)

टाकी उपसली, घासली, तडा बुजवला, टीसीएल घालून अर्धा दिवस भरून ठेवली आणि ते पाणी सोडून दिलं. जाळी बसवली, झाकण वीतभर उचललं. वहिनींना विचारून एचटूएसची बाटलीही आणली (पाण्यात विष्ठेतले जंतू असले की ती काळी पडते). खुणेपर्यंत पाणी भरून दोन दिवस कपाटात ठेवली. काळी पडली नाही. वेगळ्या टाकीचा खर्च आहे, त्यावर उद्या मीटिंग. दोन बिऱ्हाडं म्हणतात आमचं आरओ आहे, आम्ही का पैसे द्यायचे. तोवर पिण्याचं पाणी खालच्या नळावरनं कळशीनं आणतोय. लिफ्टमध्ये कळशी बघून लोक हसतात.

आईनं आज कळशीला नाक लावलं आणि म्हणाली, "वास येईना रे. आज औषध घातलं नाही वाटतं?"

जलसुरक्षक_वहिनी (शनिवार, रात्री ९:२२)

नाकावर जाऊ नका, ओटी करून बघा. आणि ती एचटूएसची बाटली पावसाळा सुरू झाला की परत लावा. एकदा काळी पडली नाही म्हणजे कायमची पास नव्हे.

इंजि_राजारामपुरी (शनिवार, रात्री ९:३०)

त्या बाटल्या मिळतात कुठं? आणि खिशात मावतात का?